वारा फिरण्याची वेळ

पंचांग माघ-फाल्गुनाला शिशिर म्हणते आणि वसंत चैत्रावर सोपवते. हवामान खाते जानेवारी-फेब्रुवारी हिवाळ्यात धरते आणि मार्चपासून मॉन्सूनपूर्व ऋतू मोजू लागते. गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या परसात या दोन्ही सीमा नीट लागू पडत नाहीत. येथे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असा एक काळ सुरू होतो, जो मार्च संपेपर्यंत रोज आपले स्वरूप बदलत राहतो. एखाद्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत समोरचे माड धुक्यात असतात आणि विहिरीवर जाताना अंगावर शाल घ्यावी लागते. त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी दहा वाजता अंगणातील चिऱ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही. आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस आभाळ भरून येते, पाऊस पडत नाही, पण आंब्याचा मोहर पाहून बागायतदार चिंतेत पडतात. या दिवसांची नोंद मी वहीत ठेवत आले आहे. वही साधी आहे. तारीख, तिथी, किमान आणि कमाल तापमान, दव, धुके, ढग, झाडे, पक्षी, आणि शेवटचा रकाना वाऱ्याचा. या लेखात मला मुख्यतः त्या शेवटच्या रकान्याविषयी सांगायचे आहे, कारण बाकीचे सगळे रकाने त्याच्यावर अवलंबून असतात, अशी माझी आता खात्री झाली आहे.

आधी परसाची जागा सांगायला हवी, कारण हवामानाची नोंद जागेशिवाय वाचता येत नाही. आमचे घर एका अरुंद खोऱ्याच्या तोंडाशी आहे. पूर्वेला काजूंचा डोंगर चढत जातो, उत्तरेला शेजाऱ्यांचे पोफळीचे कुळागर आहे, आणि पश्चिमेला शेते उतरत उतरत जुवारी नदीच्या दिशेने मोकळी होतात. समुद्र सरळ रेषेत वीसेक किलोमीटर दूर आहे. दिसत नाही, ऐकू येत नाही, पण त्याचा वारा नदीच्या रुंद मुखातून आणि खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या, शेतांवरून आमच्यापर्यंत पोहोचतो. तापमापक जुन्या पद्धतीचा आहे, इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीचा, ज्यात पाऱ्याबरोबर सरकणारे दोन छोटे दर्शक त्या दिवसाचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान दाखवून तेथेच थांबतात. जेम्स सिक्स या इंग्रज गृहस्थाने १७८० च्या सुमारास ही रचना शोधून काढली आणि ती अजूनही चालते. हा तापमापक मी पांढरा रंग दिलेल्या, फटींच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, भिंतीपासून आणि झाडांच्या सावलीपासून दूर लावला आहे. भिंतीला टांगलेला तापमापक हवेचे तापमान सांगत नाही, भिंतीचे सांगतो. आणि दिवसभर तापलेल्या चिऱ्याच्या भिंतीचे तापमान रात्री आठ वाजतादेखील उतरलेले नसते.

आता वाऱ्याकडे येते. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे वाचलेले असतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. रात्री उलट घडते. हे खरेच आहे, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये या दोघांशिवाय तिसरा एक वारा गोव्यात येतो, आणि सगळी चंचलता तो घेऊन येतो. या महिन्यांत देशाच्या मध्य भागावर अनेकदा हवेचा दाब जास्त असतो आणि तेथून कोरडा वारा पूर्वेकडून, कधी ईशान्येकडून, पठार ओलांडून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत येतो. चोर्ला घाटाचा माथा सुमारे ८०० मीटर उंच आहे. तेथून हवा खाली उतरते तेव्हा तिच्यावरचा दाब वाढतो, ती आकसते आणि आकसताना तापते. कोरडी हवा दर हजार मीटर उतारामागे जवळजवळ दहा अंशांनी तापते. म्हणजे घाटावर जी हवा सुखद असते, तीच पायथ्याशी पोहोचेपर्यंत सात-आठ अंशांनी गरम झालेली असते, आणि तिची सापेक्ष आर्द्रता बरीच घटलेली असते. तिला डोंगराने तापवलेले नसते, उन्हानेही नाही. केवळ उतरण्याने ती तापते.

हा पूर्वेचा वारा जोरात असेल, तर समुद्रावरून येणारा खारा वारा किनाऱ्यापाशीच अडतो. अरबी समुद्राचा पृष्ठभाग या दिवसांत गोव्याजवळ सुमारे २८ अंश असतो. त्याच्यावरून आलेली हवा त्यापेक्षा फार गरम असूच शकत नाही. म्हणून खारा वारा आला की तापमान वाढायचे थांबते, अनेकदा एक-दोन अंशांनी उतरते. तो आला नाही, तर जमीन तापत राहते आणि दुपारी तीनपर्यंत तापतच राहते. किनाऱ्यावर तो साधारण अकराच्या सुमारास लागतो, आमच्या खोऱ्यात पोहोचायला त्याला आणखी तास-दीड तास लागतो, आणि ज्या दिवशी पूर्वेचा वारा त्याला रोखून धरतो त्या दिवशी तो दोनला येतो, तीनला येतो किंवा येतच नाही. आमच्या परसातील फाल्गुनाचा प्रत्येक दिवस या दोन वाऱ्यांच्या ओढाताणीत ठरतो, आणि निकाल दुपारी बारा ते एकच्या दरम्यान लागतो.

वारा फिरल्याचे कसे कळते, हे मला अनेकांनी विचारले आहे. वाऱ्याचे यंत्र माझ्याकडे नाही, पण त्याची उणीव भासत नाही. परसाच्या पश्चिम कडेला उंच माड आहेत. सकाळी त्यांची चुडते डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्याने पश्चिमेला झुकतात, मग काही वेळ अगदी स्तब्ध होतात, आणि नंतर एकाएकी पूर्वेकडे वळतात. मधली ती स्तब्धता पाच मिनिटांची असते किंवा अर्ध्या तासाची, आणि त्या वेळेत उकाडा असह्य होतो. दुसरी खूण कानांची आहे. गावातील देऊळ आमच्या पूर्वेला आहे. दुपारच्या नैवेद्याची घंटा पूर्वेचा वारा असेल तर परसात स्पष्ट ऐकू येते, आणि खारा वारा लागला असेल तर तीच घंटा दबून जाऊन पश्चिमेकडच्या हमरस्त्यावरील गाड्यांचा आवाज पुढे येतो. घंटा रोज जवळपास ठरलेल्या वेळी होते, त्यामुळे ‘घंटा स्पष्ट’, ‘घंटा अर्धवट’, ‘घंटा नाही’ एवढे शब्द माझ्या वहीत वाऱ्याची स्थिती सांगायला पुरतात. मार्चमध्ये तिसरी खूण येते ती नाकाची. डोंगरावर काजूची बोंडे पिकून गळू लागली आणि फेणीच्या भाट्या पेटल्या की आंबलेल्या निऱ्याचा, म्हणजे बोंडांच्या रसाचा, वास पूर्वेच्या वाऱ्याबरोबर घरात येतो आणि वारा फिरताच जातो.

वहीतील दोन सलग दिवस येथे उतरवते. पहिला: ‘माघ वद्य. किमान १७. दाट दव, तुळशीखाली थेंब. साडेनऊपर्यंत धुके. बाराला ३२. घंटा अर्धवट. सव्वाबाराला वारा फिरला. तीनला ३१.’ दुसरा: ‘किमान १९.५. दव नाही. पहाटेपासून पूर्वेचा वारा, सुक्या पानांचा आवाज. अकराला ३४. घंटा स्पष्ट. वारा फिरला नाही. सव्वातीनला ३७.’ या दोन दिवसांमध्ये उन्हात काही फरक नव्हता. आकाश दोन्ही दिवशी निरभ्र होते आणि दिवस जेमतेम पाऊण मिनिटाने मोठा झाला होता, एवढेच. फरक वाऱ्याचा होता.

या दोन नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, जी कळायला मला बरीच वर्षे वहीची पाने उलटावी लागली. पहाटेचे धुके आणि दव आदल्या दिवशीच्या वाऱ्याची साक्ष देतात. आदल्या दुपारी खारा वारा खोऱ्यात ओलावा सोडून गेलेला असतो. रात्री आकाश स्वच्छ आणि हवा शांत असली की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, गार झालेली जड हवा उतारावरून खोऱ्यात साचते आणि त्या ओलाव्याचे दव, कधी धुके होते. उलट, रात्रीच कधीतरी पूर्वेचा वारा सुरू झाला की हवा ढवळली जाते, कोरडी होते आणि पहाटे तुळशीची पाने सुकी असतात. म्हणून सकाळी सहाला तुळशीला पाणी घालताना पान कोरडे लागले आणि पारा आदल्या दिवसापेक्षा दोन अंशांनी वर असला, तर दुपारी उष्मा होणार हे बहुतेक वेळा आधीच सांगता येते. शेजारच्या माई हे माझ्याही आधीपासून जाणतात. उडदाचे पापड वाळत घालायचे की नाही, हे त्या सकाळी अंगणात उभ्या राहून ठरवतात. पूर्वेच्या वाऱ्यात पापड दाळीवर, म्हणजे बांबूच्या चटईवर, दुपारपर्यंत वाकडे होऊन तडकतात. खाऱ्या वाऱ्यात त्यांना दुसऱ्या दिवसाचे ऊन लागते, पण ते सपाट वाळतात. ‘आयज वारें येवंचें ना गो,’ असे माईंनी सकाळी कुंपणापलीकडून म्हटले की मी ते वहीत लिहून ठेवते, आणि दुपारी पडताळून पाहते. त्यांचे अंदाज फार क्वचित चुकतात.

वर्तमानपत्रात आपल्याला कमाल आणि किमान असे दोन आकडे मिळतात. त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या वेधशाळांनी शंभराहून अधिक वर्षे घेतलेल्या अशाच आकड्यांमुळे आपल्याला आपला देश कळतो. पण झाडाला त्या दोन आकड्यांपेक्षा मधले तास जास्त जाणवतात. ज्या दिवशी पारा पावणेबाराला ३४.५ वर पोहोचून वाऱ्याबरोबर खाली आला आणि ज्या दिवशी तो दीड वाजता ३४.५ वर चढून चारपर्यंत तेथेच राहिला, ते दोन दिवस कागदावर सारखे दिसतात. मोहरावर ते सारखे नसतात. कोवळ्या कैरीवर सारखे नसतात, आणि दुपारी शाळेतून चालत घरी येणाऱ्या मुलावर तर मुळीच नसतात. यासाठीच वारा फिरण्याची वेळ मी लिहिते.

आंब्याचे उदाहरण घेते, कारण परसात मानकुरादाचा एक मोठा वृक्ष आहे आणि घरातील सगळ्यांचे लक्ष त्याच्यावर असते. मोहर येण्यासाठी त्याला कोरडी हवा आणि गार रात्री लागतात. त्या डिसेंबर-जानेवारीत मिळाल्या की फांद्यांची टोके फुटतात. पण मोहर एकाच वेळी येत नाही. काही फांद्यांवर फळ वाटाण्याएवढे असते, काहींवर सुपारीएवढे, आणि काहींवर अजून फुलेच असतात, असे दृश्य फेब्रुवारीत नेहमी दिसते. या तिन्ही अवस्थांना वेगवेगळ्या हवेचा धोका आहे. फुलांना ढगाळ, दमट सकाळ बाधते: तुडतुडे वाढतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते, आणि गार रात्र व उबदार दिवस अशा जोडीत भुरी पांढऱ्या पिठीसारखी मोहरावर पसरते. वाटाण्याएवढ्या फळाला पूर्वेचा वारा बाधतो. असे दोन-तीन दिवस लागोपाठ गेले की सकाळी झाडाखाली हिरव्या मण्यांचा सडा दिसतो. सुपारीएवढे झालेले फळ पुष्कळसे सोसते. त्यामुळे एकाच झाडाचा एक भाग ज्या हवेत सावरतो, दुसरा त्याच हवेत गळतो, आणि ‘या वर्षी आंब्याला हवा चांगली आहे का’ या प्रश्नाला फेब्रुवारीत सरळ उत्तर देता येत नाही. कोणत्या तारखेला कोणती फांदी कोणत्या अवस्थेत होती, हे लिहिलेले असेल तर मेमध्ये ते कळते. गेल्या काही वर्षांत मी फांद्यांना सुतळीचे रंगीत तुकडे बांधून ही नोंद ठेवू लागले आहे आणि तिच्यातून मला फार आनंद मिळतो.

काजू त्या मानाने खंबीर आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आता आमच्या डोंगरांचेच वाटते. त्याच्या एकाच तुऱ्यात नर फुले आणि उभयलिंगी फुले असतात, आणि बी धरते ती दुसऱ्या प्रकारच्या फुलांतच. काजूला ढगाळ दिवसांचे भय जास्त आहे, कारण त्या हवेत ढेकण्या नावाचा किडा कोवळ्या शेंड्यांतील आणि तुऱ्यांतील रस शोषतो, आणि मग डाग काळे पडून तुरा सुकतो. ज्या झाडांवर हुमल्यांची, म्हणजे लाल मुंग्यांची, पानांची घरटी आहेत, त्या झाडांना हा त्रास कमी होतो. हे डोंगरावर काम करणारे लोक सांगतात आणि संशोधकांनीही नोंदवलेले आहे. लाल मुंग्या ढेकण्याला फांदीवर टिकू देत नाहीत. तरीही बोंडे काढायला चढणाऱ्याला त्या चावतात म्हणून घरटी जाळली जातात, याचे मला वाईट वाटते.

सुरंगीविषयी मात्र मला सावकाश लिहायचे आहे. आमच्या कुंपणाला लागून सुरंगीचे एक जुने झाड आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून त्याच्या जून फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस येतात, आणि कळी उमलायच्या आत, उन्हे येण्यापूर्वी, ती काढावी लागते. उमलली की केसर पसरते आणि वळेसर, म्हणजे गजरा, करता येत नाही. या झाडावर कळ्या काढायला येणाऱ्या बाई पहाटे किती वाजता येतात, यावरून मला रात्रीची हवा कळते. गार, दव पडलेल्या पहाटे त्या साडेसहाला आल्या तरी चालते. रात्र उबदार गेली असेल तर त्या साडेपाचला, अंधारातच, विजेरी घेऊन येतात, कारण उबेने कळ्या लवकर सुटतात. त्यांनी हे कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही. त्या रात्री अंगावरचे पांघरूण बाजूला सारावेसे वाटले की लवकर उठायचे, असे त्या सांगतात. माझा किमान तापमानाचा रकाना आणि त्यांची येण्याची वेळ मी शेजारी शेजारी लिहिते, आणि दोन्हींचा मेळ इतका चांगला बसतो की एखाद्या दिवशी दर्शक अडकला असेल तर त्यांच्या वेळेवरून मला संशय येतो.

इतर झाडांची नोंद थोडक्यात देते. सावर जानेवारीतच निष्पर्ण होऊन लाल फुलते आणि भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरतात. पांगारा तिच्या मागोमाग येतो. डोंगराच्या उतारावरचा कोशिंब मार्चमध्ये अशी तांबडी पालवी धरतो की दुरून ती फुलेच वाटतात. फणसाला कुवले, म्हणजे कोवळे फणस, लागलेले असतात. या झाडांच्या तारखा वर्षावर्षाला थोड्या पुढेमागे होतात, पण वाऱ्याच्या रोजच्या बदलाने ती विचलित होत नाहीत. पक्ष्यांचे तसे नाही. दयाळ फेब्रुवारीत पहाटे गायला लागतो आणि धुक्याच्या दिवशी तो उशिरापर्यंत गातो. पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी सात वाजताच थांबतो. कोकीळ दोन्ही दिवशी ओरडतो. भर दुपारी वारा स्तब्ध असताना सगळे परस मुके होते, आणि तेव्हा केवळ तांबटाचा टुक-टुक आवाज एका लयीत चालू राहतो.

माझ्या वहीच्या आधीही या घरात एक नोंद होती. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत ते पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहीत: ‘पहिला कोकीळ’, ‘धुके दाट’, ‘विहीर तीन पायऱ्या खाली’, आणि पुष्कळ चौकोनांत ‘खारे १२॥’ किंवा ‘खारे नाही’. ती कॅलेंडरे आईने गुंडाळी करून कपाटावर ठेवली होती. सगळी नाहीत; काही वाळवीने खाल्ली. त्यांत तापमानाचा एकही आकडा नाही, कारण तापमापक नव्हता, पण वाऱ्याची वेळ आहे, आणि म्हणूनच आज ती कॅलेंडरे माझ्या वहीला जोडता येतात. आमच्याकडे वयस्कर मंडळी नेहमी म्हणतात की पूर्वी शिगम्यापर्यंत हिंव असायचे. बाबांच्या पेन्सिलीत हिंवाच्या पहाटा आहेत, हे खरे. पण फाल्गुन शुद्ध पक्षाच्या एका चौकोनात ‘असह्य उष्मा, खारे नाही, विहिरीवरसुद्धा गरम हवा’ असेही आहे. आठवणीत गार सकाळी टिकल्या आणि तापलेल्या दुपारी गळून गेल्या, असे मला वाटते. म्हणून लिहून ठेवलेल्या शब्दाला आठवणीहून जास्त मान द्यावा, असे माझे मत आहे.

असे सातत्याने पाहण्याचे मोल जुन्या काळातही ओळखलेले होते. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणा, म्हणजे पहिली पालवी, पहिले फूल, पहिला पक्षी, टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी ती नोंद पुढे दोनशे वर्षांहून अधिक चालवली. जपानमधील क्योतो येथील चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासून मिळतात. आपल्याकडे वराहमिहिराने सहाव्या शतकात मेघांच्या गर्भधारणेचे लक्षण सांगताना हिवाळी ढगांनंतर १९५ दिवसांनी पाऊस होतो, असा नियम मांडला. तो नियम आज कोणी शास्त्र म्हणून धरणार नाही. पण जो रात्रंदिवस चित्त एकाग्र करून आकाश पाहतो त्याचे पावसाविषयीचे बोलणे खोटे ठरत नाही, असेही तेथेच म्हटले आहे, आणि ते वचन मला फार जवळचे वाटते. आज सीझनवॉचसारख्या उपक्रमात देशभरातील शाळकरी मुले आणि हौशी निरीक्षक एखादे झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे नोंदवतात. तशी नोंद गोव्यातून अधिक व्हायला हवी.

आमच्या एका परसावरून तापमानवाढीचे अनुमान काढणे मला प्रशस्त वाटत नाही. ते काम मोठ्या आकड्यांचे आहे, आणि ते आकडे बोलत आहेत. २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता, असे हवामान खात्याने सांगितले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस गोव्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. किनारी भागासाठी या इशाऱ्याची अट कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक, अशी आहे. ती अट आमच्याकडे फेब्रुवारीत पूर्ण व्हावी, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्याआधी मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे राज्यातील शाळा दोन दिवस दुपारी लवकर सोडल्या गेल्या. त्याच दिवसांत म्हादई अभयारण्यात साट्रेच्या बाजूला वणवे पेटले आणि ते विझवण्यासाठी हवाई दलाच्या आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. त्या आठवड्यातील माझ्या वहीची पाने मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. दव नाही. दव नाही. घंटा स्पष्ट. वारा फिरला नाही. पूर्वेकडे आकाश धुरकट. वणव्याची ठिणगी माणसाची असते, याबद्दल मला शंका नाही. पण ठिणगीला रान मिळते ते कोरड्या पानांचे, आणि पाने तेवढी कोरडी करायला घाटावरून उतरणारा तो वारा सलग काही दिवस वाहावा लागतो. त्या आठवड्यात वारा फिरण्याची वाट जितकी आतुरतेने पाहिली, तितकी मी पावसाचीही कधी पाहिलेली नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात चित्र पालटू लागते. २० मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र समान होतात, आणि आमच्या ओसरीवरून पाहिले तर सूर्य बरोबर मधल्या दोन माडांमध्ये मावळतो. डिसेंबरमध्ये तो पार डावीकडे फणसाआड जात असे. जमीन आता इतकी तापते की समुद्राकडची हवा ओढून घेण्याचे तिचे बळ वाढते, देशाच्या मध्यावरचा जास्त दाब विरत जातो, आणि पूर्वेचा वारा हळूहळू माघार घेतो. खारा वारा लवकर आणि नेमाने येऊ लागतो. वहीतील त्याची वेळ एकवरून बारावर, बारावरून साडेअकरावर सरकते. कमाल तापमान खरे तर थोडे उतरते, तरी उकाडा वाढतो, कारण रात्री पारा २३-२४ च्या खाली जात नाही आणि हवेतील ओलावा घाम वाळू देत नाही. स्वयंपाकघरातील बरणीत जाडे मीठ पाझरू लागते. लाकडी कपाटाचा जो दरवाजा फेब्रुवारीत सैल झाला होता, तो पुन्हा घट्ट बसतो. संध्याकाळी घाटावर ढगांचे ढीग चढलेले दिसतात आणि त्यांच्या पोटात वीज चमकते. पठारावर या दिवसांत कोरडा आणि दमट असे दोन्ही वारे समोरासमोर येतात आणि तेथे वादळी सरी होतात. आमच्याकडे त्यांचा बहुधा केवळ गडगडाट पोहोचतो. एखाद्या वर्षी चार थेंब पडतात, पर्जन्यमापकात मोजण्याजोगे काही नसते, पण सकाळी साडेआठला मी तो उघडून पाहतेच आणि ‘ओला, माप नाही’ असे लिहिते. पावश्या याच सुमारास ओरडायला लागतो.

या नोंदीची एक मर्यादा मला आता जाणवते आहे. आमच्या खोऱ्यात वारा केव्हा फिरतो, हे मी सांगू शकते. पण तो किनाऱ्यावरून निघून आत किती वेगाने येतो, कोणत्या दिवशी बोरीपर्यंत येऊन थांबतो, कोणत्या दिवशी थेट वाळपईपर्यंत पोहोचतो, हे एका परसातून कळणे शक्य नाही. त्यासाठी सत्तरीत, सांग्यात, काणकोणात, पेडण्यात कोणीतरी आपापल्या अंगणातून हीच वेळ लिहायला हवी. तापमापक नसला तरी चालेल. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून मार्चअखेरपर्यंत दुपारी अकरा ते तीन या वेळेत उंच झाडाच्या शेंड्याकडे लक्ष ठेवावे, चुडते स्तब्ध झाल्याची आणि वळल्याची अशा दोन्ही वेळा लिहाव्यात, त्या सकाळी दव होते की नव्हते तेही लिहावे, आणि वारा फिरलाच नाही तर ‘फिरला नाही’ असे न चुकता लिहावे, कारण चौकोन रिकामा राहिला तर पुढे कोणालाही कळत नाही की त्या दिवशी वारा आला नव्हता की पाहणारा घरी नव्हता.